दोन तबकड्यांचे युद्ध आणि कळमेश्वरचा ग्राहक

१/
१९ फेब्रुवारी २००८. महाराष्ट्रात त्या दिवशी शासकीय शिवजयंती होती. त्याच दिवशी टोकियोत तोशिबा कंपनीने जाहीर केले की ‘एचडी डीव्हीडी’ या तबकडीची यंत्रे ती यापुढे बनवणार नाही. योगायोग असा की हिची प्रतिस्पर्धी ‘ब्लू-रे’ बरोबर सहा वर्षांपूर्वी, १९ फेब्रुवारी २००२ रोजी, नऊ कंपन्यांनी मिळून जगापुढे मांडली होती. घोषणेपासून शरणागतीपर्यंत सहा वर्षे, आणि प्रत्यक्ष बाजारातली लढाई जेमतेम दोन वर्षांची.

ही कथा बहुधा एकाच पद्धतीने सांगितली जाते: बीटामॅक्समध्ये हरलेल्या सोनीने अखेर सूड उगवला. या कथेत ग्राहक येतो तो ‘गोंधळलेला’ या एका विशेषणापुरता. हा थ्रेड त्या विशेषणाविषयी आहे. तो गोंधळ ग्राहकाच्या अज्ञानातून आला नव्हता, तो कंपन्यांनी घडवला होता. आणि त्याच्या किमतीचा एक हिस्सा मराठी चित्रपटाच्या खात्यावर पडला, असे येथे मांडायचे आहे.

२/
एकाच कामासाठी दोन मापे असली की काय होते, हे समजायला टोकियोला जाण्याची गरज नाही. नागपूरपासून वीसेक किलोमीटरवरचे कळमेश्वर हे नागपूर–इटारसी या ब्रॉडगेज मार्गावरचे स्थानक. शेजारचा सावनेर तालुका मात्र सुमारे शंभर वर्षे इतवारीहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या नॅरोगेजवर होता. एका रुळाची रुंदी १६७६ मिलिमीटर, दुसऱ्याची ७६२. दोन्हीकडे तीच संत्री, तोच कापूस. पण एका मापाची वाघीण दुसऱ्या मापावर चढू शकत नव्हती. माल उतरवायचा आणि पुन्हा भरायचा. त्यात हमालाला काम मिळे, व्यापाऱ्याचा खर्च वाढे. मापे ठरवणाऱ्या कंपन्यांच्या संचालकांना या उतरवण्या-चढवण्याची झळ कधी लागली नाही.

ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांचे नाते याच जातीचे होते. आत जो चित्रपट भरायचा तो एकच होता.

३/
व्हीएचएस आणि बीटामॅक्सची हकिकत थ्रेडच्या वाचकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात. सोनीची बीटामॅक्स १९७५ ची, जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ ची. सुरुवातीची बीटामॅक्स कॅसेट एक तास चाले, व्हीएचएस दोन तास. भारतात १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, आखातातून परतणाऱ्यांच्या सामानात व्हीसीआर आले, आणि कॅसेट लायब्रऱ्यांनी व्हीएचएसचा पक्ष घेतला. ग्राहकाला निवड करावीच लागली नाही. व्हीसीआर विकत घेणे परवडत नसे, म्हणून तो रात्रीपुरता भाड्याने येई. सोबत टीव्ही आणि तीन कॅसेट. कोणते यंत्र चांगले, हा प्रश्न भाड्याने देणाऱ्याचा होता.

एक अडचण मात्र त्या काळातही होती. अमेरिकेतल्या नातलगांनी पाठवलेली बारशाची किंवा लग्नाची कॅसेट नागपुरातल्या व्हीसीआरवर नीट दिसत नसे, कारण तिकडची प्रणाली एनटीएससी, इकडची पाल. कॅसेटचा आकार तोच, खाचा त्याच, आणि पडद्यावर मात्र काळ्या-पांढऱ्या रेघांचा पाऊस. ‘बसते, पण चालत नाही’ हा अनुभव ब्लू-रेच्या वीस वर्षे आधी मराठी घरांनी घेतलेला होता.

४/
खरा अध्याय व्हीसीडीचा आहे, आणि इंग्रजीतल्या फॉरमॅट-युद्धांच्या इतिहासात तो बहुधा तळटीपेतही नसतो, कारण अमेरिकेत व्हीसीडी कधी रुजलीच नाही.

फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी १९९३ मध्ये तिचे मानक ठरवले. साध्या सीडीवर ७४ मिनिटांचे चित्र आणि ध्वनी. पाल प्रणालीत चित्राचे माप ३५२ गुणिले २८८ ठिपके, म्हणजे एक लाखाच्या किंचित वर. पुढे आलेल्या डीव्हीडीत त्याच्या चौपट ठिपके होते, आणि ज्या ‘हाय डेफिनिशन’साठी युद्ध झाले त्यात विसाव्या पटीहून जास्त. व्हीसीडीत चित्राला अधिक जागा मिळावी म्हणून संगणकाच्या सीडीत असणारा चूक-दुरुस्तीचा एक थर काढून टाकलेला असतो. चरा पडला की नायक अर्ध्या वाक्यात थिजतो, त्याचे हे कारण.

चित्र तर फारसे चांगले नव्हतेच. नृत्याचा वेग वाढला की नऊवारीची जर चौकोनी तुकड्यांत विरघळून जाई. पावसाचे दृश्य आले की पडदा चिखल होई. तीन तासांचा हिंदी चित्रपट तीन तबकड्यांत, सव्वादोन तासांचा मराठी दोन तबकड्यांत. तबकडी बदलायला कोणीतरी उठायचे, आणि त्या वेळात चहा टाकला जायचा. दिग्दर्शकाने ठरवलेले मध्यंतर एकीकडे, ७४ मिनिटांनी ठरवलेले दुसरीकडे.

तरीही ती जिंकली. चिनी बनावटीची यंत्रे स्वस्त होती आणि बऱ्यापैकी खरचटलेली तबकडीही ओढून नेत. फीत गुंडाळत बसावे लागत नसे. बुरशी धरत नसे, आणि विदर्भाच्या नसल्या तरी कोकणाच्या पावसाळ्यात ही मोठीच गोष्ट होती. दादा कोंडक्यांचे चित्रपट, नाटके, कीर्तने, लोकगीते बसस्थानकाजवळच्या टपरीत कॅसेटच्या शेजारी मांडली गेली. तंत्रदृष्ट्या मागासलेल्या वस्तूची ही निवड अडाणीपणाची म्हणता येणार नाही. घरातला पडदा एकवीस इंची, काचेच्या नळीचा, अँटेना किंवा केबलवर चालणारा. त्या पडद्यावर व्हीसीडी आणि तिच्याहून महाग वस्तू यांतला फरक पैशाच्या फरकाएवढा दिसत नव्हता. ग्राहकाने हिशेब केला, आणि तो बरोबर होता.

५/
पुढे जाण्याआधी १९९५ चा एक प्रसंग नोंदवणे आवश्यक आहे, कारण हे युद्ध टाळता आले असते का, या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळते.

डीव्हीडीच्या जन्मापूर्वीही दोन छावण्या होत्या. एकीकडे सोनी आणि फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा, टाइम वॉर्नर, मात्सुशिता आणि इतर. दोन वेगळ्या तबकड्या तयार झालेल्या होत्या. तेव्हा संगणक बनवणाऱ्या कंपन्या एकत्र आल्या: आयबीएम, अॅपल, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक आणि इतर. त्यांनी स्पष्ट सांगितले की एकच मानक होणार नसेल तर दोन्हींवर बहिष्कार. आयबीएमचे प्रमुख लू गर्स्टनर यांनी आपले वजन खर्च केले. त्या वर्षाच्या अखेरीस तोशिबाच्या पक्षाची तबकडी आणि सोनी-फिलिप्सच्या पक्षाची माहिती लिहिण्याची पद्धत असा समझोता झाला, आणि १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये एकच डीव्हीडी विक्रीस आली.

याचा अर्थ, जबरदस्त मोठा गिऱ्हाईक दारात उभा राहिला की या कंपन्यांना तडजोड जमत होती. दहा वर्षांनी तसा कोणी दारात उभा राहिला नाही. उलट संगणकविश्वच फुटले; मायक्रोसॉफ्ट एचडी डीव्हीडीच्या बाजूला, अॅपल आणि डेल ब्लू-रेच्या बाजूला.

६/
दोन्ही तबकड्यांचा उगम एकाच शोधात आहे. निचिया या जपानी कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकात प्रखर निळा प्रकाशदायी डायोड आणि पाठोपाठ निळ्या-जांभळ्या रंगाचा लेझर घडवला. (डायोडसाठी त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासह २०१४ चे नोबेल मिळाले.) सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीचा ६५०, आणि हा नवा ४०५. लांबी कमी, म्हणून ठिपका बारीक. ठिपका बारीक, म्हणून तेवढ्याच जागेत अधिक मजकूर. बोरूऐवजी बारीक टाकाने लिहावे तसे.

लेझर दोघांचा एकच. फरक होता तो माहितीचा थर किती खोल ठेवायचा यात. ब्लू-रेने तो पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर ठेवला. त्यामुळे एका थरात २५ जीबी मावले, पण कारखान्यांना नवी यंत्रे आणावी लागणार होती आणि तबकडीला ओरखड्यांपासून वाचवणारा कठीण लेप द्यावा लागला. एचडी डीव्हीडीने डीव्हीडीचीच ०.६ मिलिमीटरची रचना राखली. एका थरात १५ जीबी, पण जुने कारखाने थोड्या फेरफाराने चालतील. दोन्ही युक्तिवाद प्रामाणिक होते. २००५ मध्ये एकत्र येण्याच्या वाटाघाटीही झाल्या, आणि त्या याच ०.१ आणि ०.६ च्या प्रश्नावर अडल्या, असे सांगितले जाते. त्यामागे पेटंटचे उत्पन्न कोणाकडे जाणार हा प्रश्न होता, हेही उघड आहे. अर्ध्या मिलिमीटरवरून तह मोडला, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरणार नाही.

७/
२००६ च्या मार्चअखेर जपानमध्ये आणि एप्रिलात अमेरिकेत एचडी डीव्हीडी आली. यंत्राची किंमत ४९९ डॉलरपासून. जूनमध्ये सॅमसंगचे पहिले ब्लू-रे यंत्र अमेरिकेत आले, ९९९ डॉलरला. नोव्हेंबरात सोनीने ब्लू-रे वाचणारे प्लेस्टेशन ३ आणले. मायक्रोसॉफ्टने त्याच सुमारास एक्सबॉक्स ३६० ला जोडायची एचडी डीव्हीडीची वेगळी पेटी काढली.

येथपर्यंत ग्राहकापुढचा प्रश्न कठीण पण समजण्याजोगा होता: महाग आणि मोठी, की स्वस्त आणि लहान. खरा गोंधळ पुढे स्टुडिओंनी केला.

८/
युनिव्हर्सलचे चित्रपट केवळ एचडी डीव्हीडीवर. सोनी, डिस्ने आणि फॉक्सचे केवळ ब्लू-रेवर. वॉर्नर आणि पॅरामाउंट दोन्हींवर. म्हणजे स्पायडर-मॅन पाहायचा तर एक यंत्र, किंग काँग पाहायचा तर दुसरे.

मग २००७ च्या ऑगस्टमध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स यांनी ब्लू-रे सोडली आणि केवळ एचडी डीव्हीडीची बाजू घेतली. त्यापोटी सुमारे १५ कोटी डॉलरचा लाभ दिला गेल्याच्या बातम्या अमेरिकी वृत्तपत्रांत छापून आल्या. या करारातून स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दिग्दर्शित केलेले चित्रपट वगळले होते. कोणत्या स्टुडिओचा चित्रपट, एवढे ठाऊक असून भागेना. दिग्दर्शक कोण हेही पाहावे लागणार होते.

त्याआधी जानेवारी २००७ मध्ये एलजीने दोन्ही तबकड्या वाचणारे यंत्र आणले होते, १,१९९ डॉलरला. वॉर्नरने एका बाजूला ब्लू-रे आणि दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी अशी ‘टोटल एचडी’ तबकडी दाखवली. ती कधी दुकानात आली नाही. रोगाची औषधे रोगाहून महाग होती.

९/
आता हे सारे कळमेश्वरच्या एका घरात आणून पाहावे. घर काल्पनिक आहे, अडचणी नाहीत.

२००७ ची दिवाळी. एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी असलेले गृहस्थ बोनस घेऊन सीताबर्डीला जातात. मुलाने वर्तमानपत्रात ‘एचडी’ वाचले आहे. दुकानात सपाट टीव्ही लावलेले आहेत. एकावर ‘एचडी रेडी’ लिहिले आहे, दुसऱ्यावर ‘फुल एचडी’. पहिल्यावर फुल एचडीचे सगळे ठिपके मावत नाहीत, पण ‘रेडी’ म्हणजे तयार, असा अर्थ कोणीही घेईल. ब्लू-रे यंत्र म्हणून विक्रेता प्लेस्टेशन ३ पुढे करतो. भारतात ते त्याच वर्षी ३९,९९० रुपयांना आले आहे. खेळण्याचे यंत्र सिनेमासाठी का घ्यायचे, हा गृहस्थांचा प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर सोनीच्या हिशेबवहीत आहे: खेळ घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरात न विचारता ब्लू-रे पोहोचवणे.

वायर कोणती? पिवळ्या-लाल-पांढऱ्या तीन वायरींनी जोडले तर चित्र जुन्याच दर्जाचे येणार. एचडीएमआय हवी. तीही नुसती असून भागत नाही; टीव्हीला नकल-प्रतिबंधाचा संकेत कळायला हवा. ब्लू-रेच्या यंत्रांतही पिढ्या आहेत. त्या नोव्हेंबरपासूनच्या नव्या यंत्रांना चित्रात चित्र दाखवण्याची क्षमता सक्तीची झाली. आधीची बहुतेक यंत्रे त्या सोयींना मुकली. आणि अमेरिकेतल्या चुलतभावाने ब्लू-रे तबकडी भेट आणलीच, तर तिच्यावर ‘ए’ विभागाचे बंधन असू शकते. भारत ‘सी’ विभागात. डीव्हीडीतही हेच होते, तेथे भारताचा क्रमांक ५. गंमत अशी की एचडी डीव्हीडीत विभागांची भानगडच नव्हती. विभागांच्या बाबतीत परदेशी मराठी कुटुंबांना सोयीची ठरेल अशी तबकडी नेमकी हरणारी होती.

गृहस्थ काय करतात? ते काहीच घेत नाहीत. मुलाला फटाके, घराला नवा पंखा. बाजारशास्त्राच्या पुस्तकात याला ‘ग्राहकाचा संभ्रम’ म्हणतात. या वागण्याला विवेक म्हणणे अधिक रास्त आहे. त्याच दिवाळीच्या आठवड्याआधी अमेरिकेत वॉलमार्टने तोशिबाचे एचडी डीव्हीडी यंत्र शंभर डॉलरच्या आत विकले आणि ते घ्यायला लोकांची झुंबड उडाली. साडेतीन महिन्यांत त्या सर्वांच्या हाती निरुपयोगी फॉरमॅट उरला. रांगेत उभा राहिलेला तेथला ग्राहक माहितगार म्हणवला गेला. हात आखडता घेणारा येथला ग्राहक मागासलेला ठरला.

१०/
त्याच २००७ मध्ये भारतात खरी उलथापालथ वेगळीच झाली. नोएडाच्या मोजर बेअर या तबकड्या बनवणाऱ्या कंपनीने अनेक भारतीय भाषांतील चित्रपटांचे हक्क घेऊन व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. चोरट्या प्रतीच्या भावात कायदेशीर प्रत. किराणा दुकानातही चित्रपट टांगलेला दिसू लागला.

जगातली मोठी वृत्तपत्रे १,०८० रेषांवर लिहीत होती, आणि येथे लाखो घरांत २८८ रेषांचा चित्रपट प्रथमच कायदेशीर मार्गाने येत होता. हा प्रसंग फॉरमॅटच्या इतिहासात यायला हवा. तो बहुधा येत नाही.

११/
शेवट झटपट झाला. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने केवळ ब्लू-रेची बाजू घेतली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट पाठोपाठ गेले. १९ फेब्रुवारीला तोशिबाने शस्त्रे ठेवली. यातला कोणताही निर्णय ग्राहकाने घेतलेला नाही, हे लक्षात घ्यावे. चित्रपटांचे मालक आणि दुकानांचे मालक यांनी तो घेतला. नेटफ्लिक्सने तर आदल्याच वर्षी, जानेवारी २००७ मध्ये, तबकडीशिवाय इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली होती.

१२/
येथे साधारणपणे थ्रेड संपतात: दोघे भांडले, तिसऱ्याचा लाभ. पण मराठी वाचकासाठी एक प्रश्न उरतो. ब्लू-रे भारतात तळापर्यंत पोहोचली नाही, यात बिघडले काय? स्पष्ट चित्राची चैन काही जणांना मिळाली नाही, एवढेच ना?

तेवढेच नाही. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये जे तपशील असतात त्यांचा अगदी लहान अंश व्हीसीडीवर उतरतो. व्हीसीडीसाठी निगेटिव्हपर्यंत जाण्याची गरज नसते. जुनी, झिजलेली वितरणाची प्रिंट किंवा वाहिनीकडे गेलेली टेप पुरते. कोणाला फरक दिसणार नाही. हाय डेफिनिशनमध्ये तो दिसतो. म्हणून ज्या देशांत ब्लू-रेचा बाजार उभा राहिला, तेथे जुने चित्रपट पुन्हा विकण्यासाठी स्टुडिओंना निगेटिव्ह बाहेर काढावी लागली, धुवावी लागली, नव्याने स्कॅन करावी लागली. संवर्धनाच्या प्रेमाने नव्हे. त्यात पैसा दिसला म्हणून. तबकडी हे तिथे निमित्त होते, जपला गेला तो चित्रपट.

मराठीत हे निमित्त आले नाही. ‘सामना’ १९७५ चा, ‘जैत रे जैत’ १९७७ चा, ‘सिंहासन’ १९७९ चा. या पिढीच्या चित्रपटांच्या निगेटिव्हना २००८ मध्ये तीस वर्षे झाली होती. घरगुती तबकडीच्या बाजाराने त्यांच्या नव्या स्कॅनचा खर्च उचलण्याची जी एक संधी होती, ती हीच. दुसरीकडे ‘श्वास’नंतर मराठी चित्रपटाला नवा बहर आला होता, ‘वळू’ आणि ‘टिंग्या’ २००८ चे, विदर्भातल्या शेतकऱ्याची कथा सांगणारा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ चा. ज्या वर्षांत चांगल्या तबकडीला चांगला चित्रपट मिळाला असता, त्याच वर्षांत बाजाराला कोणत्या तबकडीवर पैसा लावावा हे कळत नव्हते, आणि कळले तेव्हा लावावासा वाटत नव्हता.

१३/
यावर आक्षेप येईल, आणि तो निराधार नाही. युद्ध झाले नसते तरी कळमेश्वरात २००७ मध्ये चाळीस हजारांचे यंत्र कोणी घेतले असते? सपाट टीव्ही महाग, चोरट्या प्रती सर्वत्र, मराठी निर्मात्याचे भांडवल तुटपुंजे. खुद्द दूरदर्शनचे हाय डेफिनिशन प्रक्षेपण २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी आले. सगळा दोष अर्ध्या मिलिमीटरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

मान्य. पण तंत्रज्ञानाला खाली झिरपायला वर्षे लागतात, आणि ती मोजकीच असतात. १९९३ ची व्हीसीडी भारतीय घरांत रुळायला सात-आठ वर्षे लागली. १९९६ ची डीव्हीडी ३४ रुपयांवर यायला अकरा. ब्लू-रेची उलटी गणती २००२ च्या घोषणेपासून करावी की २००८ च्या विजयापासून, यात सहा वर्षांचा फरक आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि तबकडीचा प्रश्नच मिटला. तबकडीला भारतात जो अवधी मिळाला असता त्यातला मोठा भाग तह न करण्यात गेला. १९९५ सारखा समझोता २००५ मध्ये झाला असता तर मराठीत सारे काही बदलले असते, असे कोणी म्हणू नये. दहा-वीस चित्रपटांची नवी स्कॅन झाली असती, एवढे म्हणता येते. जुन्या मराठी चित्रपटांच्या बाबतीत दहा-वीस ही लहान संख्या नाही.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटेल त्यांनी ८ जानेवारी २००३ ची आग आठवावी. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेला नायट्रेट फिल्मचा मोठा साठा त्या दिवशी जळाला, आणि त्यात प्रभातचाही वारसा होता. मूळ वस्तू नाहीशी झाली की जी नक्कल उरते तीच मूळ ठरते. मग ती किती ठिपक्यांची आहे, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही.

१४/
आज इंटरनेटवर एखादा ऐंशीच्या दशकातला मराठी चित्रपट शोधून पाहावा. पुष्कळदा जी प्रत सापडते तिच्या कोपऱ्यात एखाद्या वाहिनीचे किंवा व्हीसीडी कंपनीचे चिन्ह असते, कडा कापलेल्या असतात, आणि गर्दीच्या दृश्यात माणसांना चेहरे नसतात. मोठ्या पडद्याच्या टीव्हीवर ती ताणून पाहणाऱ्या आजच्या विशीतल्या प्रेक्षकाला वाटते की जुने चित्रपट असेच दिसत असत. ते तसे दिसत नव्हते. ज्यांनी ते थिएटरात पाहिले त्यांना त्या चेहऱ्यांवरचा घामही दिसला होता. अंधुकपणा हा काळाचा गुण नाही. तो १९९३ च्या एका मानकाचा आहे.

इतिहास वाचणाऱ्यांनी हा भेद आवर्जून करावा. कागद जीर्ण आहे की छायाप्रत वाईट आहे, हे मोडी कागदपत्र हाती घेताना पाहिले जाते. तीच शिस्त चित्रपटाला लावायला हरकत नसावी.

१५/
आता घरातल्या तबकड्यांविषयी. साधारण २००० ते २०१० या काळात विदर्भातल्या असंख्य लग्नांचे चित्रण डिजिटल टेपवर झाले. त्या टेपमध्ये डीव्हीडीएवढे, ७२० गुणिले ५७६ ठिपके होते. कुटुंबाच्या हाती मात्र पुष्कळदा व्हीसीडीच आली, आणि टेप पुढच्या लग्नाला पुन्हा वापरली गेली. आजोबांची एकमेव चालती-बोलती प्रतिमा अशा तबकडीत असू शकते. बाजारात लिहून मिळणाऱ्या सीडीतला रंगद्रव्याचा थर काळाने फिकटतो. कारखान्यात ठोकलेल्या चित्रपटाच्या व्हीसीडीपेक्षा ही घरगुती व्हीसीडी लवकर जाते. नव्या लॅपटॉपला तबकडीचा खण राहिलेला नाही. नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये तबकड्या पाठवणे बंद केले, आणि सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. जिंकलेला फॉरमॅटही आवराआवरीला लागला आहे.

म्हणून ज्यांच्या कपाटात अशी तबकडी आहे त्यांनी यूएसबीवर चालणारा सीडी ड्राइव्ह मिळवावा. व्हीसीडी उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसतो. त्यात ‘डॅट’ प्रकारची मोठी फाइल असते. ती जशीच्या तशी उतरवून घ्यावी आणि दोन ठिकाणी ठेवावी. ‘एचडीत रूपांतर’ करून देणारे पुष्कळ भेटतील, पण जे ठिपके तबकडीवर नाहीत ते कोणीही परत आणू शकत नाही. मूळ फाइल आधी, सजावट नंतर. मध्येच अडकली तर तबकडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल नव्हे, आणि वेग कमी करून पुन्हा वाचावी. दुसऱ्या ड्राइव्हवर ती चालून जाण्याचीही शक्यता असते.